गच्चीवर ताजा सांबार मिळेल

आम्ही सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं तेव्हा टेम्पोत सगळ्यात शेवटी माती चढली. फ्रिज चढला, कपाट चढलं, माझी शिलाई मशीन चढली, आणि मग आमचे हे घमेलं-फावडं घेऊन मागच्या आंगणात गेले ते येईचनात. ओरडायला म्हणून मी मागे गेले, तर बघते काय, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांमध्ये माती भरणं चाललंय! बाजूला एका डब्यात गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, रोप, मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं, मुळासकट उपटलेलं. टेम्पोवाल्यानं कपाळाला हात लावला. "माटी ला कहाँ ले जाथव बाबू?" त्यानं छत्तीसगढीत विचारलं. माती कुठे घेऊन चाललात, नव्या जागी माती नाही का? ह्यांनी पोती चढवली आणि वर स्वतः बसले.

मला इतका राग आला होता की विचारू नका. क्वार्टरांची सगळी लाइन आम्हाला निरोप द्यायला दारात उभी, बायका डोळे पुसताहेत, आणि आमचा नवरदेव मातीच्या पोत्यांवर बसून निघालाय. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि तोंड फिरवून घेतलं.

आता ज्यांना भिलाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे स्टील प्लांटमध्ये नोकरी असली की क्वार्टर मिळतं, आणि नोकरी संपली की ते परत करावं लागतं. आमचे हे नागपूरकडून आले, स्टोअरमध्ये बाबू म्हणून लागले, आणि बाबू म्हणूनच रिटायर झाले. मी लग्न होऊन आले ती त्याच क्वार्टरमध्ये. घर कसलं, दोन खोल्या. पण मागे आंगण! पपई, मुंगण्याचं म्हणजे शेवग्याचं झाड, वालाच्या शेंगांचा मांडव, वांगी, आणि कोपऱ्यात गोडलिंब. ड्यूटीवरून आले की हे आधी आंगणात जायचे. चहा तिथेच न्यावा लागायचा, आणि तो तिथेच थंड व्हायचा. मी म्हणायचे, माझ्याशी लग्न कशाला केलं, वांग्याशीच करायचं होतं.

रिटायरमेंटनंतर भिलाईतच कोहक्यात फ्लॅट घेतला. सगळ्यात वरचा मजला. खोल्या छान, किचनला टाइल्स, नळाला पाणी, पण दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. ह्यांनी मातीची पोती बाल्कनीत लावली, त्यांच्यासमोर खुर्ची टाकली आणि बसले. बसले ते बसलेच.

सुरुवातीला मला वाटलं थकले असतील. मग लक्षात आलं की माणूस बोलतच नाही. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. जेवायला वाढलं तर अर्धी पोळी. आणि एक गोष्ट मला सारखी खुपायची, ती म्हणजे ते ह्या जागेला घर म्हणत नव्हते. "फ्लॅटची चावी घेतली का?" "फ्लॅटवर जाऊ." बाजारातून येताना तर ऑटोवाल्याला सरळ सेक्टरचा पत्ता सांगायचे, आणि मीच मग ओरडायचे, "भैया, कोहका!" डॉक्टर म्हणाले शुगर वाढली, बीपी वाढलं, फिरायला जा. हे म्हणाले, कुठे जाऊ? खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. रिटायर झाले, खुर्चीत बसले आणि खुर्चीतूनच गेले, अशी माणसं आमच्या भिलाईत मी डोळ्यांनी पाहिली आहेत. माझा माणूस माझ्यासमोर बसून वाळत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

भीती वाटली की मला राग येतो. माझा स्वभावच तसा. एका सकाळी भाजीवाल्याकडून वाळका, पिवळा सांबार आला आणि माझं डोकं फिरलं. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर बरं का. पुण्या-मुंबईकडे कोथिंबीर म्हणत असतील, आम्हा नागपूरकडच्यांचा तो सांबार. आम्ही वडीसुद्धा सांबाराचीच करतो, सांबारवडी. तर तो पिवळा सांबार मी कचऱ्यात फेकला, बाल्कनीत गेले, कात्रीनं एक पोतं टराटरा फाडलं, बुडाला भोक पडलेल्या बादलीत माती ओतली, मसाल्याच्या डब्यातले मूठभर धने आणले आणि ह्यांच्या नाकासमोर त्या बादलीत भिरकावले.

खुर्चीतून आवाज आला.

"आख्खे धने टाकून राहिली काय तू? असे नाई उगवत ते."

माझे हात थांबले. कित्येक दिवसांत ह्यांच्या तोंडून आलेलं पहिलं धड वाक्य होतं ते.

"मग कसे उगवतेत?" मी मुद्दाम फणकाऱ्यानं विचारलं. "तुमाले येते तर तुमी लावा न! मले काय सांगून राहिले बसल्या जागेवरून?"

हे उठले. आत गेले, माळ्यावरून प्लांटचे सेफ्टी बूट काढले, पायात चढवले, धने जमिनीवर पसरले आणि बुटानं हळूहळू रगडायला लागले. धन्याचे दोन तुकडे झाले पाहिजेत, पीठ नाही. असे वाकून, निरखून, पुन्हा रगडून. घरात चड्डी-बनियन आणि पायात सेफ्टी बूट. मी किचनमध्ये जाऊन तोंडाला पदर लावला. हसत होते की रडत होते, मला आजही सांगता येणार नाही.

त्या एका बादलीतून पुढे जे झालं ते आवरता आवरेना. बाल्कनी भरली. मग गच्ची. आमच्याच डोक्यावर तर होती, रिकामी, तापलेली, कोणी ढुंकून बघत नव्हतं. घरातली एक वस्तू सुरक्षित राहिली नाही. जुन्या कूलरची गंजलेली टाकी गेली, तिच्यात पालक. पेंटचे डबे गेले, त्यांत मिरची. तेलाचे पिपे, थर्मोकोलचे मासळीवाल्याचे खोके, झाकण हरवलेला कुकर, सगळे वर गेले. कुम्हारीच्या एका कारखान्यातून टाकून दिलेले निळे ड्रम मिळतात असं कळलं, तर हे बसनं गेले आणि ड्रम कापून घेऊन आले. उतईहून येणारा दूधवाला शेणखत आणून द्यायला लागला. आणि ह्यांचं जुनं पिवळं हेल्मेट, ज्याला मला कधी हात लावू दिला नाही, ते उलटं टांगून त्यात पुदिना लावला. मी म्हटलं, चला, आता डोकं थंड राहील.

उन्हाळ्यात भिलाईचं ऊन म्हणजे काय असतं ते इथे राहून बघा. ह्यांनी बांबू ठोकून वर साड्या बांधल्या. माझ्या साड्या! त्यात माझ्या बहिणीनं दिलेली पोपटी साडीही गेली, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. पण खोटं कशाला बोलू, साड्यांखाली कुंड्या तगल्या, आणि कुंड्यांखाली आमच्या खोल्या गार राहिल्या. ज्या खोलीत आदल्या वर्षी पाय ठेववत नव्हता तिथे दुपारी चांगली झोप लागायला लागली. प्लांटकडून बारीक काळपट धूळ येते, ती पानांवर बसते. हे सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे. जिन्यानं वर-खाली, वर-खाली. फिरायला कुठे जाऊ म्हणणारा माणूस दिवसभर पायांवर. डॉक्टरांनी शुगर बघितली आणि म्हणाले, काय औषध घेता? मी म्हटलं, वांगी!

आणि वांगी कशी! काटेरी देठाची, हातात घेतली की चकचकीत. बाजारातली भाजी फ्रिजमध्ये लोळत पडते. ही तर फोडणी तडतडली की वर जाऊन तोडायची. दुसऱ्या मजल्यावर एक तेलुगू बाई राहतात, त्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मा रोज गोडलिंबासाठी वर यायच्या. क्वार्टरमधून डब्यात आलेलं ते रोप आता निळ्या ड्रममध्ये, पाण्याच्या टाकीमागे, चांगलं कमरेएवढं झालं होतं. अम्मा पान चुरडून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "ऐसा तो हमारे गाँव में मिलता था." ह्यांची छाती फुगायची.

मग साहेबांची नजर लागली.

साहेब म्हणजे आमच्या समोरच्या दारातले. प्लांटमध्ये ह्यांच्याच स्टोअरचे मोठे अधिकारी होते. आता दोघेही रिटायर, दोघांची दारं समोरासमोर, पण आमचे हे जिन्यात साहेब दिसले की अजूनही भिंतीला चिकटून उभे राहायचे. गंमत म्हणजे साहेबही आमच्याच विदर्भाकडचे. पण प्लांटमध्ये बोलणं हिंदीत, तेच वळण पडलेलं. साहेब हिंदीत, मॅडम हिंदीत, म्हणून आम्हीही हिंदीत. एवढी वर्षं गेली, एक मराठी शब्द मध्ये पडला नाही.

पावसाळ्यानंतर साहेबांच्या बेडरूमच्या छताला ओल आली. झालं! बिल्डिंगचे अध्यक्षही तेच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फर्मान आलं की गच्चीवरच्या कुंड्यांमुळे पाणी मुरतंय, रविवारी सकाळी गच्चीवरच मीटिंग, आणि मीटिंगनंतर कुंड्या हटवायच्या. म्हणजे निर्णय आधीच झालेला, मीटिंग नुसती नावाला.

मी भांडायला कमरेला पदर खोचला. आणि बघते तर हे दूधवाल्याला सांगताहेत, "ड्रम तुले चालतीन काय? घेऊन जाय." कोपऱ्यात हेल्मेटमधला पुदिना काढून ठेवलेला.

"हे काय करून राहिले तुमी?"

"साहेब म्हणून राहिले न. उचला म्हणतेत तर उचलू."

"साहेब? आता कायचे साहेब? तुमची नोकरी संपली न बाप्पा! का पेन्शनवरबी तेच सही करतेत?"

हे गेले आणि बाल्कनीतल्या त्या खुर्चीत जाऊन बसले. ती खुर्ची! मी तिच्यावर वाळवणं घालत होते इतके दिवस. ह्यांनी ताटं-कापडं खाली ठेवली आणि बसले. कुंड्या गेल्या तर गेल्या, मी बाजारातून भाजी आणीन. पण हा माणूस परत तिथे बसला तर मी त्याला कुठल्या बाजारातून आणू?

मी विचार केला. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगला कोणी येत नाही. साहेब येतात, त्यांचे दोन दोस्त येतात, हात वर करतात, संपलं. म्हणजे माणसं जमली पाहिजेत. आणि माणसं फुकट काही मिळतंय म्हटलं की जमतात. आमच्याकडे द्यायला काय होतं? थंडीचे दिवस, गच्चीवर सांबार नुसता उसळला होता. ड्रमांत सांबार, खोक्यांत सांबार, पिप्यांत सांबार. सगळ्यांना जुडी-जुडी द्यावी, त्यांनी बाग बघावी, आणि मग साहेबांच्या तोंडावर सांगावं की राहू द्या. मी फोन उचलला आणि ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. मला तो अजून पाठ आहे, कारण बिल्डिंगमधली पोट्टी-पोरं आजही मला त्याची नक्कल करून दाखवतात.

"सब लोग सुनो. इतवार को छत पे मीटिंग है. मेरे तरफ से सबको ताजा सांबार मिलेगा. जितना होना उतना लेके जाव. घर के सब जन आव."

आता एरवी मी हिंदीत बोलताना धनियाच म्हणते. पण रागात असले की माझ्या हिंदीत मराठी शिरते, त्याला मी काय करू? ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. कोणी लिहिलं, आंटी ग्रेट. अम्मांनी लिहिलं, इडली मेरी तरफ से. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं असेल, इडलीसोबत सांबाराची चटणी करणार असतील.

रविवारी ऊन छान पडलं होतं. मी वर जाऊन सांबारावर पाणी शिंपडलं, नटवून ठेवला म्हणा ना. ह्यांना ओढून वर आणलं. ते टाकीच्या कडेला मान खाली घालून उभे. आणि माणसं यायला लागली. बाप्पा, काय ती माणसं! तळमजल्यापासून सगळी बिल्डिंग लोटली. आणि प्रत्येकाच्या हातात भांडं. कोणाच्या हातात टिफिन, कोणाच्या कुकर, एका बाईच्या हातात तर हा भला मोठा गंज, आपल्या पुरणाला लागतो तेवढा. पोट्टी ताटं आणि चमचे वाजवत. मी मनात म्हटलं, चिमूटभर सांबार न्यायला गंज कशाला आणला असेल हिनं? अम्मा इडलीचं भलं मोठं पातेलं घेऊन धापा टाकत वर आल्या, झाकण उघडलं, वाफ निघाली. त्यांनी चारी बाजूंना बघितलं.

"आंटी, सांबार किधर है?"

"किधर मतलब? सामने तो है!" मी हात केला.

"ये तो धनिया है."

"हाँ तो! वही तो. सांबार."

सगळे त्या हिरव्या सांबाराकडे बघताहेत, मग आपापल्या भांड्यांकडे, मग माझ्याकडे. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी खो-खो हसलं.

"अवं माय! सांबारच म्हणतेत न त्याले आपल्याकडे!"

मी गर्रकन वळले. साहेबांच्या मॅडम! अख्ख्या गच्चीत त्या एकट्याच होत्या ज्यांच्या हातात भांडं नव्हतं. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी ती पिशवी वर धरून हलवली. "मले तर बरोबर समजलं होतं. हे सगळे गंज घेऊन चालले, मी म्हटलं, काय होते ते पाहू तर खरं!"

मग काय विचारता! एकजण हसला, दुसरा हसला, अम्मा तर पातेलं खाली ठेवून जमिनीवरच बसल्या. आणि मी टाकीकडे बघितलं. आमचे हे हसत होते. गालातल्या गालात नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. क्वार्टर सोडल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. माझी फजिती झाली होती, सगळ्या बिल्डिंगसमोर, आणि मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की मी अजून दहा वेळा फजीत व्हायला तयार होते.

पण मी काही लाजून बसणारी बाई नाही. "सांबार होना ना?" मी म्हटलं. "बनेगा. अभी बनेगा, यहीच बनेगा!"

गॅसची शेगडी वर आली, सिलिंडर आला, तो भला मोठा गंज शेगडीवर चढला. अम्मा मुख्य आचारी. तूरडाळ मॅडमच्या किचनमध्ये शिजायला लागली. बाकी सगळं गच्चीवर हजर होतं. वांगी होती, टमाटर होते, मुळे होते, मिरच्या होत्या. आणि आमचे हे, जे कोणाला पानाला हात लावू देत नव्हते, ते पोट्ट्यांना घेऊन फिरायला लागले. "ये वाला तोड, वो नहीं, वो अभी छोटा है. मुळा ऐसे सीधा खींच." एका पोरीनं मुळा ओढला आणि ती मुळ्यासकट मागे पडली, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब आपली खुर्ची घेऊन आले होते. ते मध्ये-मध्ये म्हणत होते, "मीटिंग शुरू करें?" आणि कोणीतरी म्हणायचं, "सर, दाल तो आने दो."

डाळ आली, उकळी आली. अम्मा म्हणाल्या, करीपत्ता. मॅडम म्हणाल्या, मी आणते, आणि टाकीमागे गेल्या, जिथे गोडलिंबाचा ड्रम होता. बराच वेळ झाला, येईनात. मग तिकडून हाक आली.

"ही बादली इथं कोणं ठेवली वं?"

मी गेले, हे गेले, मागून साहेब. टाकीतून एक वेगळा पाइप साहेबांच्या बाथरूमकडे जातो, त्यांनी स्वतःसाठी बसवून घेतलेला, पाण्याचा जोर जास्त यावा म्हणून. त्या पाइपाचा सांधा टपकत होता. खाली एक बादली, अर्धी भरलेली. बादलीच्या बाजूनं ओल साहेबांच्या बेडरूमच्या दिशेनं पसरलेली, शेवाळलेली. आणि आमच्या कुंड्या? विटांवर मांडलेल्या, खाली जमीन कोरडी ठणठणीत.

"मी ठेवली वहिनी," हे हळूच म्हणाले. "पाणी वाया जाऊन राहिलं होतं. तेच मी झाडायले टाकतो."

"तुमाले माहीत होतं?" माझा आवाज असा चढला की शेगडीजवळचे लोकही वळले. "माहीत होतं, आन तुमी ड्रम वाटून राहिले होते?"

"साहेबायले कसं सांगू, वाटलं."

मी तोंड उघडलं होतं. खूप काही बोलणार होते. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि मिटलं. कारण हे भिंतीला चिकटून उभे नव्हते. हातात मुळे होते, चिखलाचे, आणि ते सरळ साहेबांसमोर उभे होते. आयुष्यभर ज्यांच्याशी "जी सर, हो जाएगा सर" एवढंच बोलले, त्यांच्याशी ते पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलले.

"साहेब, पाइप तुमचा गळून राहिला. ओल त्याची आहे. थो तुमी दुरुस्त करून घ्या. माह्या कुंड्या नाई हलणार."

एवढंच. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. मी तर म्हणते, आमच्या लग्नातली मंगलाष्टकंसुद्धा मला एवढी गोड लागली नव्हती.

साहेब पाइपाकडे बघत राहिले. मग बादलीकडे. मागे सगळी बिल्डिंग, हातात भांडी घेऊन. मॅडमनी गोडलिंबाची डहाळी तोडली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं न? उद्या प्लंबर बोलवा. आता ताट घ्या, सांबार थंडा होऊन राहिला."

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "कोणता सांबार?" ते म्हणाले. "खायचा का तोडायचा?"

"दोनीबी आहे, साहेब," आमचे हे म्हणाले.

"मंग मले दोनीबी द्या."

मीटिंग झालीच नाही. इडल्या संपल्या, सांबार संपला, तो मोठा गंज अम्मांनी बोटांनी पुसून खाल्ला. जाताना प्रत्येकाच्या भांड्यात मी हिरव्या सांबाराची जुडी टाकली. बोलले होते ना, ताजा सांबार मिळेल म्हणून! माझा शब्द मी मोडला नाही.

आता आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा शोधावी लागते. अम्मांचा गोंगूरा, म्हणजे आपली अंबाडी, आहे, तळमजल्यावाल्यांची लाल भाजी आहे, आणि साहेबांचं एक टमाटराचं झाड आहे, ज्याला अजून धड टमाटर लागलेलं नाही, पण रुबाब असा की विचारू नका. ह्यांना ते रोज बोलावतात, "या हो, पाहा बरं हे पान कावून पिवळं पडलं." आणि हे जातात, बघतात, आणि साहेबांना रागावतात, पाणी जास्त टाकता म्हणून! ओल प्लंबर आल्यावर वाळली. आणि बिल्डिंगमधलं तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, झाडून सगळं माणूस कोथिंबिरीला सांबार म्हणतं. नवीन भाजीवाला गोंधळतो, त्याला गोंधळू दे.

पण त्या रविवारचं शेवटचं राहिलंच. शेगडी उतरवली, गच्ची झाडली, सगळे गेले. ह्यांनी हेल्मेटात पुदिना परत लावला आणि टांगला. मग आम्ही दोघं जिना उतरायला लागलो. मी पुढे, हातात रिकामं पातेलं, हे मागे, हात मातीनं माखलेले.

"चाल," हे मागून म्हणाले, "घरी जाऊन पडतो जरा."

मी पायरीवरच थांबले.

"कुठं?"

"घरी. कावून, काय झालं?"

"काही नाई," मी म्हटलं, आणि आमच्या दाराचं कुलूप उघडलं.